तुझ्याकडची दुसरी किल्ली

सुधे, तुला निरोप द्यायला सिटी कौन्सिलची माणसं आली होती. गडद कोट घालून मागच्या रांगेत उभी होती. आणि खरं सांगते, तुझ्या चेहऱ्याकडे नीट बघायच्या आधी माझ्या मनात आलं ते हेच, की यांना आता इथे काय हवंय? मी हे नुसतं पुटपुटले असते तरी तू माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाली असतीस, "आला आमचा जकात नाका!" पण चिमटा काढणारी समोर पेटीत निजली होती, आणि तिचा पदर उजव्या खांद्यावर होता. फ्युनरल होमच्या बाईने फोटो बघून नेसवलं म्हणे. मी पुढे झाले, पदर डाव्या खांद्यावर घेतला आणि टाचणी लावली. तेवढंच तुझं काम माझ्या हातून झालं.

नंतर कॉफीच्या टेबलापाशी मिसेस कोवाल्स्की भेटली. सिटीच्या मुलं-कुटुंबांच्या ऑफिसातली ती. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "शी टॉक्ड अबाउट यू ऑल द टाइम." ऑल द टाइम! म्हणजे काय काय बोलायचीस? मी हात सोडवून घेतला आणि भर मयतीत तिला विचारलं, "आमच्या घराचा पत्ता तुला कोणी दिला होता? आता तरी सांग." तिने कप खाली ठेवला. "निर्मला, ते आम्ही कुणाला कधीच सांगत नाही," म्हणाली. बघ हं. सांगणारी तू नसतीस तर ती सरळ 'सुधा नव्हती' म्हणाली नसती का? अशोक नवऱ्याच्या हक्काने मागून माझा कोट ओढत होता, म्हणून विषय तिथेच राहिला.

आपलाही तिथेच राहिला. म्हणून आज पहिल्यापासून बोलते. तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या बाजूने तू कधी ऐकून घेतलं नाहीस, आणि आता मधे तोंड घालायला तू नाहीस.

माझे बाबा वऱ्हाडातल्या आमच्या गावी जकात नाक्यावर कारकून. गाडीवान म्हणायचा, "कडबा आहे साहेब," की बाबा पेंढ्यांत लोखंडी सळई खुपसून बघणार. घरीही तेच. मामाने आंब्याची पेटी पाठवली तरी आधी प्रश्न, "कशाबद्दल?" नगरसेवक दारात आला की आई मुलांना आत बोलवायची, कारण तो काहीतरी न्यायलाच येतो अशी तिची समजूत. त्या घरातली मी मुलगी. तू पुण्याची. तुमच्याकडे संशय घेत बसत नाहीत, तोंडावर विचारून अपमान करून मोकळे होतात. तरी आपलं जमलं. तुझ्या आणि माझ्या घरामध्ये फक्त शाळेचं मैदान होतं, आणि अमेरिकेतल्या या गावात तेव्हा फोडणीचा वास येणारी घरं तेवढी दोनच.

माझी मंजू आठ वर्षांची झाली आणि मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये फुल टाइम लागले. अशोक गाड्यांच्या कारखान्यात. आम्हा दोघांपैकी कोणीही सहाच्या आत घरी नाही, आणि शाळा सुटणार साडेतीनला. मग काय, इथल्या कितीतरी घरांत होतं तेच आमच्याकडे झालं. गळ्यात दोरी, दोरीला किल्ली, वरून स्वेटर. फक्त बाकीचे ते कबूल करायचे, आपली माणसं करायची नाहीत. मराठी मंडळाच्या पॉटलकला, प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, विचारलं की सगळ्या म्हणायच्या, "आम्ही ॲडजस्ट करतो." मीही म्हणायची.

मंजूला मी काय तयार केली होती! फोन दोनदा वाजून बंद झाला आणि पुन्हा वाजला तर तो आईचा. तेवढाच उचलायचा. दार कुणालाही उघडायचं नाही. फारच कोणी वाजवलं तर आतून ओरडून सांगायचं, "माय मॉम इज टेकिंग अ बाथ!" मी तिची रंगीत तालीम घ्यायची. बाहेर जाऊन दार वाजवायची, आवाज बदलून म्हणायची, मी पोलीस आहे, मी टीचर आहे, मी तुझ्या डॅडीची फ्रेंड आहे. ती प्रत्येकाला ठणकावून अंघोळ सांगायची. एकदा मी म्हटलं, "अगं, मी आई आहे," तर तिने तेही मानलं नाही. मला इतका अभिमान वाटला!

तुला हसू यायचं. मला यायचं नाही. दुधाच्या खोक्यावर तेव्हा हरवलेल्या मुलांचे फोटो छापून यायचे, आठवतं ना? सकाळी मंजूच्या दुधात मी बोर्नव्हिटा ढवळायची आणि खोक्यावरून कुणाचीतरी दात पडलेली पोर माझ्याकडे बघायची. त्यात शेजारच्या ट्रॉय गावातल्या एका बाईंनी सांगितलेलं, की कुणाच्या तरी ओळखीच्यांकडे सिटीची बाई आली, मुलाला प्रश्न विचारले, लिहून घेतलं. मग पुढे काय झालं? ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून तर माझी झोप उडाली होती. बाहेरचा नेईल तो वेगळा, आणि मूल एकटं ठेवता म्हणून सरकार नेईल ते वेगळं. मला एकच लेक, सुधे. ती माझ्याकडे राहावी, एवढंच मला त्या वर्षांत हवं होतं.

दुसरी किल्ली तुझ्याकडे होती. आगबीग लागली तर कोणीतरी हवं. साऱ्या मुलखात मी तेवढा एक विश्वास टाकला होता.

आणि नेमकी तूच कौन्सिलच्या नादी लागलीस. लायब्ररीत अर्धवेळ काम करायचीस ना, तिथे तुला ती पोरं दिसायला लागली. शाळा सुटली की येऊन बसायची, पुस्तक उघडं, डोळे घड्याळाकडे, गळ्यात किल्ली. बंद व्हायची वेळ झाली की बाहेर पायरीवर. एकदा तू म्हणालीस, "निमे, मी दाराला कुलूप लावते तेव्हा ती माझ्याकडे बघतात गं." आणि दुसऱ्या आठवड्यात तू सिटी हॉलमध्ये. शाळा सुटल्यावर मुलांना बसायला शाळेतच एक खोली उघडी ठेवावी, सिटीने माणूस द्यावा, आईबाप येईपर्यंत सांभाळावं, असं कौन्सिलपुढे सांगायला. बोलायला तीन मिनिटं देतात. तू बेसनाचे लाडू घेऊन गेलीस!

अगं, कौन्सिलला कोणी लाडू नेतं? पण पहिल्यांदा कुणाकडे काम घेऊन जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं, हे तुझं म्हणणं. तिथे गोंधळ. मेंबर एकमेकांकडे बघतात, सिटीचा वकील उठून म्हणतो, मतदानाआधी भेटवस्तू घेता येणार नाही, डबा बाहेर पब्लिकसाठी ठेवा. तू घरी येऊन चिडलीस. "लाच वाटली त्यांना! माझे लाडू!" मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कौन्सिलबद्दल बरा शब्द काढला. जी माणसं लाडवाला हात लावायला घाबरतात, ती अगदीच वाईट नसावीत. तू म्हणालीस, "तुझ्या तोंडून हे म्हणजे भारतरत्नच." मग त्यांनीच तुला कमिटीवर घेतलं. मी लगेच शब्द मागे घेतला. एवढ्या पटकन घेतात म्हणजे काहीतरी असणार.

फुकट ते पौष्टिक, असं आपल्यात म्हणतात. आमच्या घरात उलटं होतं. फुकट म्हणजे आत काहीतरी आहे, सळई खुपस. सिटी फुकट मुलं सांभाळणार? का? मुलांकडून घरातलं काढून घेतील. आई किती वाजता येते, वडील ओरडतात का, रात्री काय खाता. मी तुला तेव्हाच बजावलं, "तू वाट्टेल ते कर. माझ्या मंजूचं नाव तिथे निघता कामा नये."

त्या संक्रांतीला तुझ्याकडे हळदीकुंकू होतं. बाहेर गोठलेला बर्फ, आम्ही काळ्या साड्यांवर स्कीचे कोट आणि पायात बूट. कुंकू लावून झालं आणि तू वाण लुटायला काढलंस. कुणी वाट्या देतं, कुणी कंगवे. तू काय दिलंस? किल्लीची कडी. नारिंगी प्लास्टिकची, वर सिटीच्या त्या खोलीचा फोन नंबर! खोलीला अजून मंजुरी नव्हती, तरी नंबर तयार. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सौभाग्याचं वाण आणि त्यावर सरकारी नंबर. तू आपली प्रत्येकीच्या कानाशी लागून म्हणत होतीस, "लागलं तर फोन करा. नाव नाही विचारत." मी ती कडी घरी आल्यावर ड्रॉवरच्या तळाशी टाकली.

आणि महिन्याभरात कोवाल्स्की माझ्या दारात.

दुपारी आली. मंजू आतून ओरडली, मॉम अंघोळ करतेय. दोन दिवसांनी आली, पुन्हा अंघोळ. पुढच्या आठवड्यात आली, अंघोळच. शेवटी ती एका संध्याकाळी आली, मी नुकतीच कोट काढत होते. कार्ड दाखवलं आणि इतकं गोड हसून म्हणाली, "तुम्ही फार स्वच्छ लोक आहात असं दिसतंय." सुधे, मी चहा केला तो मिठाचा की साखरेचा, मला आजही सांगता येणार नाही. ती तासभर बसली. काही लिहून घेतलं नाही, धमकावलं नाही. मंजूला तिच्या चित्रांबद्दल विचारलं. जाताना म्हणाली, खोली सुरू झाली तर हिला पाठवा, तिला आवडेल. ती गेल्यावर मी मंजूला पोटाशी धरून बसले ते अशोक येईपर्यंत. तो म्हणाला, "चांगली वाटली की बाई." त्याला सगळे चांगलेच वाटतात.

पण मंजू एकटी असते हे कुणाला माहीत होतं? अशोकला, मला, आणि तुला.

मी तशीच मैदान ओलांडून तुझ्याकडे आले. तू कोबी चिरत होतीस. मी विचारलं, "तू सांगितलंस?" तू सुरी थांबवलीस. ना हो म्हणालीस, ना नाही. म्हणालीस, "हो म्हटलं तर काय करशील? आणि नाही म्हटलं तर विश्वास ठेवशील?" हे काय उत्तर झालं? मी म्हटलं, "कमिटीवर मिरवायला तुला एक पोर दाखवायची होती. माझी दाखवलीस." तू म्हणालीस, "निमे, पोर दाखवली नाही. पोर एकटी आहे." मी म्हटलं, "माझी किल्ली दे." तू म्हणालीस, आत्ता नाहीये जवळ, उद्या देते. खोटं! तुझी पर्स खुर्चीला टांगलेली होती आणि तू खुर्ची सरकवलीस तेव्हा मी किल्ल्यांचा आवाज ऐकला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किल्ली आणून दिलीस, दारातूनच. मी मनात म्हटलं, एक दिवस कशाला लागला हिला? पण रागापुढे ते तेवढ्यावरच राहिलं.

त्यानंतर ते टीव्हीचं. केबलवर कौन्सिलची मीटिंग दाखवतात, ती आपल्या लोकांपैकी कोणी बघत नाही असं मला वाटायचं. मी बघायची, कारण नजर ठेवायला हवी. त्या दिवशी मतदान होतं. तू उभी राहिलीस, मोतिया रंगाची साडी, चष्मा नाकावर, आणि तुझ्या त्या खणखणीत पुणेरी इंग्रजीत सांगितलंस, की मला एक मुलगी माहीत आहे. तिची आई नेहमी अंघोळीत असते. दुपारी साडेतीनपासून संध्याकाळपर्यंत ती एका बंद दाराशी आपल्या आईला सांभाळत बसते. मेंबर आधी हसले. मग हसायचे थांबले. नाव नाही घेतलंस, पण मंडळातल्या निम्म्या बायकांनी आपापल्या पोरींना तेच शिकवलं होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी प्रत्येकीला वाटलं आपलंच बोललीस. मला फोन करून करून विचारत होत्या, "कुणाबद्दल असेल गं?" मी म्हटलं, काय माहीत बाई.

ठराव पास झाला. तू जिंकलीस. मी तुझं तोंड बघायचं नाही असं ठरवलं.

खोली उघडली, आणि मी सळई घेऊन गेले. म्हणजे तपासायला. खाऊ काय देता? त्यात बीफ असतं का? प्रार्थना करून घेता का? मुलांशी काय बोलता? तिथली पोरगेली मास्तरीण सगळ्याला उत्तरं देत राहिली, शेवटी म्हणाली, "तुम्ही बसा ना इथेच, बघा." मी बसले. मुलं सफरचंद खात होती, गणितं करत होती, एक पोरगा दुसऱ्याच्या डोक्यावर पुस्तक ठेवून चालत होता. मला नाव ठेवायला काही सापडेना, त्याचाच राग आला. मंजूचं नाव घातलं. फक्त मंगळवार सोडून. मंगळवारी तू तिथे मुलांना वाचून दाखवायला यायचीस ना, म्हणून. मंगळवारी मंजू घरी, किल्ली, बंद दार, अंघोळ. अशोक म्हणाला, "हट्टाला काही सीमा?" मी म्हटलं, नाही.

आता ऐक, मला तेव्हा काय काय खटकत होतं. मास्तरीण एकदा सहज बोलून गेली, की मिसेस दातार, म्हणजे तू, मंगळवारी एकच गोष्ट वाचतात आणि साडेचारच्या आत निघून जातात. मी म्हटलं, बघा! हौस फिटली. कमिटीवर नाव लागलं, टीव्हीवर दिसून झालं, आता पोरांचा कंटाळा आला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दुसरं म्हणजे मंगळवारी मंजूला रात्री भूक नसायची. तिसरं म्हणजे वास. मंगळवारी दार उघडलं की मला हिंग-मोहरीचा वास यायचा. मी ओट्यावर बोट फिरवून बघायची, ओटा लख्ख. मंजूवर ओरडले, "गॅसला हात लावतेस का तू?" ती म्हणाली, "नो मॉम. आय हॅड सिरियल." माझ्याकडे सरळ बघून, डोळ्याची पापणी न हलवता. आणि एकदा माझ्या पिठल्याचा घास घेऊन म्हणाली, "खमंग नाही झालं." खमंग! आमच्या घरात हा शब्द कोण वापरतं? मी अशोकच्या आईवर संशय घेतला, पत्रातून काही लिहिते का म्हणून. बिचारी नागपुरात, तिला काय पत्ता.

दोन संक्रांती आपण अशा काढल्या. तू तिळगूळ पुढे करायचीस, मी दोन बोटांनी घ्यायची. गोड बोला, हे तू म्हणायचीस, मी म्हणायची नाही. इंडियन स्टोअरमध्ये भेटलो तर कोथिंबिरीबद्दल बोलायचो. "जून आहे." "हो, जूनच आहे." बस. घरी येऊन मी अशोकला सांगायची, सुधा वाळलीय हं. तो म्हणायचा, मग विचार तिला. मी म्हणायची, मी का विचारू?

यंदाच्या गणपतीत, शाळेच्या कॅफेटेरियात, तू माझ्या शेजारी आरतीला उभी राहिलीस. मुद्दाम. टाळ्या वाजवता वाजवताच म्हणालीस, "निमे, ये ना एकदा घरी. भांडून टाकू सगळं." मी म्हटलं, "बघते." बघते! माझ्या बाबांनी आंब्याच्या पेटीला विचारलं होतं, कशाबद्दल? तसंच मी तुला विचारत राहिले. आणि गेल्या आठवड्यात तुझ्या माधवरावांचा फोन आला, की तू अंगणातली पानं गोळा करत होतीस, आणि पडलीस, आणि झालं. मी फोन कानाला लावून उभी, आणि माझ्या डोक्यात, देवा शपथ, हेच आलं की आता ती मला हो की नाही कधीच सांगणार नाही.

काल आम्ही बायका तुझ्याकडे आवराआवर करायला गेलो. माधवराव तुझी पर्स घेऊन बसले होते. "वहिनी, हिच्या किल्ल्या लागत नाहीत मला," म्हणाले. "ही गाडीची, ही घराची, ही लायब्ररीची. आणि ही कशाची? सगळ्या कुलपांना लावून बघितली." वेगळ्या कडीत एकटीच होती. नारिंगी प्लास्टिकची कडी, सिटीच्या नंबराची. किल्ली हार्डवेअरच्या दुकानात कापून देतात तसली, साधी.

मी म्हटलं, मी बघते जरा. मैदान ओलांडून घरी आले. दाराशी उभी राहिले. किल्ली उलटी धरली होती, भोकात जाईना. मग गेली. फिरवली. फिरली!

चोरटी कुठली! एक दिवस कशाला लागला हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. मी दारातच बसले, आणि मंजूला हाक मारली. आता अकरा वर्षांची आहे, मला खांद्याला लागते. किल्ली पुढे धरली. तिने बघितली आणि तिचा चेहरा उतरला. "शी सेड यू वुड बी मॅड," म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दर मंगळवारी. शाळेच्या ऑफिसातून आधी फोन, दोनदा रिंग, कट, पुन्हा रिंग. आमची खूणसुद्धा चोरलीस. मग मैदान ओलांडून यायचीस, स्वतःच्या किल्लीने दार उघडायचीस, कारण मंजू कुणालाही दार उघडत नाही आणि तो नियम मोडायला लावायचा नाही, असं तूच तिला सांगितलंस म्हणे. पोहे, थालीपीठ, कधी नुसता फोडणीचा भात. गणित. मराठी वाचन. मी यायच्या आधी ओटा पुसून, भांडी घासून, खिडकी उघडून, चालती. सबंध दोन वर्षं.

मी म्हटलं, "आणि मी एखाद्या दिवशी लवकर आले असते तर?"

मंजू आधी हसली, मग तिला रडू फुटलं. "देन आय वॉज सपोज्ड टू से, सुधामावशी इज टेकिंग अ बाथ."

सुधे, माझ्याच बाथरूममध्ये लपणार होतीस तू! माझ्याच पोरीला माझंच खोटं मलाच सांगायला लावणार होतीस! मला इतका राग आला की मी त्या नारिंगी कडीला शिव्या घातल्या. हे मला का नाही सांगितलंस? मी ऐकलं नसतं, ते मान्य. तरी सांगायचंस. दार वाजवायचंस. मी काय, मंजूसारखं अंघोळीचं सांगितलं असतं? सांगितलंही असतं. पण तू दाराशी बसून राहायला हवं होतंस, तू पुण्याची ना? तुम्ही तोंडावर बोलता ना?

एक मात्र आता पक्कं झालं. कोवाल्स्कीला तूच सांगितलंस. मला पुराव्याची गरज नाही, तिला जन्मभर तोंड शिवून ठेवू दे. जी बाई मैत्रिणीने बोलणं टाकलं तरी तिच्या दाराची किल्ली करून घेते, ती बाई एकट्या पोरीबद्दल गप्प बसणार? तूच सांगितलंस. आणि बरं केलंस. हे वाक्य मला तुझ्या स्वयंपाकघरात, तू कोबी चिरत असताना बोलायचं होतं.

आज सकाळी मी किल्ली घेऊन माधवरावांकडे गेले. ते टेबलाशी बसले होते, चहा गार झालेला. मी म्हटलं, "सापडलं कुलूप. आमच्या दाराची आहे." त्यांनी कपाळाला हात लावला. "हिच्याकडे कशी? तुम्ही तर परत घेतली होती ना? घ्या बाई, घेऊन जा. माफ करा."

मी ती त्यांच्या हातात ठेवली आणि मूठ मिटवली. "नाही. ती इथेच राहू दे," म्हटलं.

"आता कशाला, वहिनी?"

मी म्हटलं, "लागते हो. मी अंघोळीत असते ना नेहमी."